समुद्र पाहणारी बाई आणि माझं बोटभर कुंकू

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा मला फोटो काढता येत होते. आता येत नाहीत. मधे काय झालं ते सांगते.

माझ्या वडिलांचा यवतमाळला फोटोंचा स्टुडिओ होता. एक खोली, छपराला काच आणि मागे पडदा. पडद्यावर समुद्र रंगवलेला. त्यात एक जहाज, एक राजहंस आणि थेट पाण्यातून वर जाणारा संगमरवरी जिना. समुद्र असाच असतो अशी माझी खात्री होती. त्या खोलीत मी प्रिंट धुतले, दोरीवर वाळत घातले, रडक्या पोरांपुढे खुळखुळा वाजवला. कॅमेऱ्याला बाबांनी कधी हात लावू दिला नाही. पण हे सासरी कोणाला माहीत असणार? लग्न होऊन घाटंजीपासून दोन कोसांवरच्या गावात आले आणि चौथ्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, "तुला फोटो काढता येतात का गं?"

"तर!" मी म्हटलं. "बाबांचे निम्मे फोटो मीच काढते."

निम्मे का म्हटलं कोण जाणे. विनय असावा.

हे घाटंजीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. दिवसभर पोरांकडून वांगी आणि कंदील काढून घ्यायचे आणि सायकलवरून घरी यायचे. त्यांच्या मनात मात्र मूर्ती होत्या. आम्ही तेव्हा नुकतेच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो. म्हणजे आम्ही होतो तिथेच होतो, राज्य गेलं होतं. त्याचा एवढाच परिणाम आमच्यापर्यंत पोचला, की मुंबईच्या एका कलाशाळेचा छापील अर्ज शाळेत येऊन पडला. चित्रकला शिक्षकांसाठी मूर्तिकामाचा एक वर्षाचा वर्ग, राहणं-जेवण त्यांच्याकडे. अट दोन. वय तिशीच्या आत हवं, आणि अर्जासोबत स्वतःच्या हातानं उघड्यावर उभारलेल्या शिल्पाचा परिसरासह फोटो हवा. यांना तिसावं लागायला पाच महिने होते. पुढच्या वर्षी अर्ज आला असता तरी यांना तो फक्त वाचता आला असता.

मुंबईच्या लोकांना समुद्र आवडत असणार, असा यांचा तर्क. म्हणून यांनी समुद्राकडे पाहणारी बाई करायची ठरवली. समुद्र यांनीही पाहिलेला नव्हता. पण गावामागे तलाव होता, आणि पौष-माघात सूर्य उगवताना त्यावर असं धुकं बसे की पलीकडचा काठ, त्यावरच्या बाभळी, धोब्याचे दगड, सगळं नाहीसं होई. उरे फक्त पाणी आणि आभाळ. असा समुद्र आमच्या गावात रोज अर्धा तास यायचा. मग म्हशी यायच्या.

तलावाच्या अलीकडच्या काठावर यांनी दोन महिने खपून ती बाई बसवली. आत विटा, वर चुना-सिमेंटचा गिलावा, थापीनं आणि जुन्या चाकूनं काढलेल्या लुगड्याच्या चुण्या. पाय एका अंगाला मुडपलेले, उजवा हात डोळ्यांवर आडवा, नजर पाण्यापार. माणसाच्या दीडपट. मला ती फार सुंदर वाटली. माझ्या सासूबाई, ज्यांना अख्खं गाव बाई म्हणायचं, त्या एकदा पाहायला आल्या. तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"एवढी धडधाकट बाई," त्या म्हणाल्या, "अन् दिवसभर कपाळाले हात लावून बसली. हिले काम नाई काय?"

बाबांनी पेटीचा कॅमेरा आणि आठ फोटोंचा एक रोल पाठवला. सोबत चिठ्ठी: 'सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी. श्वास धरून खटका दाबणे. रोल एकच आहे.' बाकी काही लिहिलं नव्हतं, कारण बाकीचं मला माहीत आहे असं त्यांना वाटत होतं. कॅमेऱ्याच्या मागे एक बारीक तांबडी खिडकी असते, तिच्यातून रोलवरचा आकडा दिसतो. ती तांबडीच का, हे बाबांनी मला दहा वेळा सांगितलं होतं: त्या रोलला तांबडं दिसत नाही. त्याच्या लेखी तांबडं म्हणजे काळं. म्हणून तर कपाळभर मळवट भरून आलेल्या नवरीला बाबा तो पुसून टिकलीएवढा करायला लावत, आणि नवरीच्या आया बाबांशी भांडत. हे मला पाठ होतं. पाठ होतं म्हणजे नेमकं वेळेवर आठवत नव्हतं.

ठरल्या दिवशी पहाटे निघताना सासूबाईंनी करंडा, हळद-कुंकू आणि नारळ माझ्या हातात दिला. आमच्याकडे कोणतीही नवी वस्तू हातात घेतली की आधी तिला कुंकू लागतं. वखराला लागतं, बैलगाडीला लागतं, यांच्या सायकलच्या हँडलला लागलं होतं, शिवणाच्या मशीनला तर लागतंच. कॅमेऱ्याला लावू नये असं माझ्याही मनात आलं नाही. तलावावर पोचलो. हे खाली पाण्याजवळ जाऊन धुकं पाहत होते. मी कॅमेऱ्याच्या डोक्यावर हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. बोटाला कुंकू उरलं होतं. मागे वळले तर ती बाई समोर बसलेली, कपाळ मोकळं, एखाद्या सवाष्णीनं दारात येऊन तसंच परत जावं तशी. मला बरं वाटेना. उरलेलं बोट तिच्या कपाळाला लावलं. हातासरशी दोन झेंडूही ठेवले.

मग सूर्याची वाट पाहिली. सूर्य आला नाही. त्या दिवशी ढग होते. ढगात पेटीच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो बाबा ज्या टोपलीत टाकत, ती टोपली मला चांगली माहीत होती. एकही खटका न दाबता, खोबरं खात आम्ही घरी परत आलो.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ. धुकं असं की समुद्रालाही हेवा वाटावा. आम्ही झपझप चालत तलावावर गेलो आणि थांबलो.

बाईच्या डोक्यापासून कमरेपर्यंत शेंदूर होता. तेलात कालवलेला, चांगला जाड. मांडीवर हिरवं खणाचं कापड, डोळ्यांवर धरलेल्या हातात काचेच्या बांगड्या, पायाशी पाच नारळांच्या करवंट्या आणि लिंबं. शेजारी कापूस वेचायला निघालेल्या पंधरा-वीस बाया, काही गावातल्या, काही पलीकडच्या तांड्यावरच्या, हात जोडून उभ्या.

"हे काय?" हे म्हणाले.

"काल वेचणीले जातानी पाह्यलं, मास्तर," एकजण म्हणाली. "कुंकू लागलेलं, नारळ फुटलेला. म्हटलं, देवी येऊन बसली अन् आपल्यालेच मालूम नाई!"

"अहो, ही मी केली. दोन महिने तुमच्या डोळ्यांसमोर करत होतो."

"तं मंग! तुमच्याच हातून करून घेतली तिनं," तांड्यावरची म्हातारी म्हणाली. "डोळ्यावर हात ठेवून तलाव राखते याडी. आता म्हशी नाई बुडाच्या."

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. हे खाली बसले. मग उभे राहिले. मग शांतपणे विचारलं, "पहिलं कुंकू कोणी लावलं?"

मी धुक्याकडे पाहत होते. धुकं फारच चांगलं पडलं होतं.

"तुला काही माहीत आहे?"

"असेल कोणी," मी म्हटलं. "सूर्य येतोय, सरका."

तेव्हा मला तांबडी खिडकी आठवली. अर्ज शनिवारी टपालात पडायला हवा होता, रोल एकच होता आणि यांचं तिसावं धावत येत होतं. मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर निम्म्या फोटोंचंही बोलावं लागलं असतं.

शिवाय आणखी एक गोष्ट तेव्हाच आमच्या लक्षात आली, जी दोन महिन्यांत दोघांच्याही आली नव्हती. बाई पूर्वेकडे तोंड करून बसली होती. सूर्य माझ्या पाठीशी हवा तर मला पाण्यात उभं राहावं लागणार, आणि मग तिच्या मागे समुद्र नाही, आमचं गाव येणार. समुद्र हवा तर मला सूर्याच्या तोंडात कॅमेरा धरावा लागणार. मी पौषाच्या पाण्यात गुडघाभर उभी राहून चार काढले. दात वाजत होते, तरी श्वास धरला. मग काठावर येऊन सूर्याकडे तोंड करून चार काढले. बाया मागून सांगत होत्या, "आमी येऊन राह्यलो का त्यात?" येत होत्या.

बाबांनी प्रिंट पाठवले. मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहिलं होतं: 'चारांत तोंड काळं आहे. चारांत तोंड नाही.'

आम्ही तोंड नसलेल्यांपैकी एक पाठवला. तो खरं म्हणजे वाईट नव्हता. काळी आकृती, तिच्यापुढे पांढरंशुभ्र पाणी, दुसरा काठ कुठेच नाही. हे तो अंधारातल्या दिव्यासारखा हातात धरून पाहत. महिन्याभरानं उत्तर आलं. फोटोतलं समुद्राचं वातावरण समितीला आवडलं, मात्र शिल्पाची घडण दिसत नाही. पंधरा दिवसांत चेहऱ्याचा स्पष्ट फोटो, नाहीतर दुसऱ्या कामाचा फोटो पाठवावा.

यांनी रॉकेलची बाटली आणि चिंध्या घेतल्या. मी मागे. तलावावर पोचेपर्यंत बातमी आमच्या पुढे गेली होती. बाया काठाला उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या पुढे काठी टेकून कोण, तर माझ्या सासूबाई.

"बाई, तुम्हीसुद्धा?" हे म्हणाले.

"रॉकेलनं देवीचं तोंड पुसतं काय? तुह्या तोंडाले पुसू का आधी?"

"ती देवी नाही. माझं वर्ष जातंय, आई."

हे आईला आई म्हणत ते फक्त ताप आल्यावर. ते ऐकलं आणि माझ्यानं राहवलं नाही. मी पुढे झाले आणि सगळं सांगून टाकलं. कॅमेऱ्याला कुंकू लावलं, बोटाला उरलं, तिचं कपाळ मोकळं दिसलं म्हणून लावलं, नारळही मीच फोडला. देवीचा त्यात काही संबंध नव्हता. फोटोही मी बाबांचे कधी काढले नाहीत, निम्मे नाही नि पाव नाही, मी फक्त खुळखुळा वाजवत असे. एवढं सांगितलं आणि मोठं काही घडेल म्हणून वाट पाहत उभी राहिले. मला वाटलं होतं, बाया थक्क होतील, परत जातील.

तांड्यावरची म्हातारी माझ्याकडे दयेनं पाहत होती.

"पोरी," ती म्हणाली, "कोणत्याबी देवीले पयलं कुंकू कोणीतरी लावतेच ना? ते काय सोता लावून येते?"

मी उगाच बोट पदराला पुसलं.

"अन् नारळाचं खोबरं कोठी गेलं?" सासूबाईंनी विचारलं.

"आम्ही खाल्लं."

"मंग परसादही झाला," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

यांनी बाटलीला बूच लावलं, चिंध्यांची घडी केली आणि घराकडे चालू लागले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी तिसऱ्या दिवसाची भाषणं तयार करून ठेवली होती. त्यांत एक माहेरी निघून जाण्याचंही होतं, फार परिणामकारक. तिसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "टोपलं घे. चिकणमाती आणायची आहे." मला माफ केलं होतं की मजूर हवा होता, ते मी विचारलं नाही. चौदा टोपली वाहिली.

आता माती अंगणात होती आणि अंगणाच्या दारात सासूबाई, काठी घेऊन. "ह्या येळी कोणी येऊन कुंकू लावलं तं मी पायतो," असं त्यांनी बायांनाही सांगितलं आणि मग माझ्याकडे बोट करून यांना म्हणाल्या, "अन् हिलेबी जवळ येऊ देऊ नको. हिच्या हाताले सवय लागली हाय." मुलाचं वर्ष जाऊ नये ही त्यांचीही इच्छा होतीच. फक्त देवीच्या तोंडाला रॉकेल न लावता. सकाळपासून सांजेपर्यंत त्या हलत नसत. काय करावं हे यांना सुचत नव्हतं, आणि समोर ही बाई हलत नव्हती. यांनी तिचंच डोकं करायला घेतलं. पदर, पदराखालची केसांची बट, आवळलेले ओठ.

"माहं कायले?" त्या म्हणाल्या. पण जागा सोडली नाही, आणि दुसऱ्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून बसल्या.

बाबांनी दुसरा रोल पाठवला. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'सूर्य पाठीशी. हात धुऊन.' म्हणजे बातमी यवतमाळपर्यंत गेली होती.

सूर्य पाठीशी आणि समुद्र मागे, हे जमायचं कसं म्हणून आम्ही दोघं अंगणात काड्यांनी तलाव आखून बसलो होतो. सासूबाई वरून पाहत होत्या. "मंग पलीकडच्या काठाले जा ना," त्या म्हणाल्या. मातीचं डोकं उचलता येत होतं. विटांची बाई उचलता आली नसती, एवढंच; पण ते मी स्वतःशी म्हटलं, त्यांना नाही.

बैलगाडीत कडबा पसरून, त्यावर डोकं ठेवून आम्ही पहाटे तलावाला वळसा घालून गेलो. सासूबाई सोबत. धोब्याच्या दगडावर डोकं मांडलं. मागे पाणी, धुकं, आमचं गाव नाहीसं. सूर्य माझ्या पाठीवर आला. सगळं बाबांनी सांगितल्याप्रमाणे. फक्त सासूबाई डोक्याच्या शेजारच्या दगडावर येऊन बसल्या.

"बाई, तुम्ही फोटोत येताय. थोडं बाजूला," हे म्हणाले.

"वेचणीच्या बाया येतीन आता. कोणं कुंकवाची डबी काढली तं? मी हालत नाई."

"पण फोटो..."

"मी श्वास धरतो. तुमी काढा."

सूर्य वर सरकत होता, समुद्र विरत होता, आणि म्हशींच्या घंटा ऐकू येत होत्या. मी आठही काढले. आठांतही त्या होत्या. फोटो म्हटलं की माणसं त्या काळी दगडासारखी बसत, आणि माझ्या सासूबाई तर एरवीही जवळजवळ तशाच बसत. त्यातल्या त्यात बरा होता तो पाठवला. वेळ तेवढाच होता.

उत्तर आलं ते यांनी उभ्यानं वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं. मुलाखतीला बोलावलं होतं. पुढे होतं: 'दोन शिल्पांपैकी उजवीकडील बैठी वृद्धा विशेष उल्लेखनीय. वस्त्राच्या चुण्या आणि चेहऱ्यावरील कठोर भाव यांवर उत्तम पकड. डावीकडील मस्तक सामान्य. येताना उजवीकडील शिल्प सोबत आणावे.'

मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. "सामान्य म्हंजे काय?" त्यांनी विचारलं.

"साधारण."

"हं," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी हे काय जेवले, कसे झोपले, ते मी सांगत नाही. डोकं गावच्या कुंभाराच्या भट्टीत भाजून घेतलं, गोधडीत बांधलं, आणि हे एकटेच गेले. जाताना मी म्हटलं, "सांगा ना, उजवीकडचं मोठं आहे, गाडीत चढत नाही." यांनी गोधडीची गाठ आवळली. माझ्यासारखं बोलणारं एक माणूस घरात आहे तेवढं पुरे, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

तिथे काय झालं ते त्यांनी पत्रात लिहिलं. टेबलामागे तिघे बसले होते. उजवीकडचं शिल्प कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "ती माझी आई आहे." तिघांनी फोटो पुन्हा हातोहात फिरवला. मग त्यांतल्या वयस्करानं विचारलं, "आणि डावीकडचं?" "तीही," हे म्हणाले, आणि गोधडी सोडली. तिघांनी ते डोकं खिडकीशी नेलं, उजेडात फिरवलं, त्या आवळलेल्या ओठांवरून एकानं अंगठा फिरवला. समोर ठेवल्यावर ते चांगलं निघालं. फोटोत ते दिसलं नव्हतं, कारण फोटो मी काढला होता. फोटो कोणी काढला असं त्यांनी विचारलंच, आणि यांनी खरं तेच सांगितलं.

यांना घेतलं. तिसाव्याला सोळा दिवस उरले होते.

पत्र मी अंगणात मोठ्यानं वाचलं. वेचणी केव्हाच संपली होती, तरी बाया आल्या होत्या. काहींनी डोळे पुसले. सासूबाई काठी टेकून दारात बसल्या होत्या, वाचून झालं तशा उठल्या, आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत जो येईल त्याला त्यांनी ते त्याच शब्दांत सांगितलं:

"बोलावलं होतं मले. मी गेली नाई म्हणून त्याले घेतलं."